दादांची अमेरिकेत रवानगी

१ फेब्रुवारी २००९, रविवार
कॉम्प्युटरची हार्ड डिस्क सकाळपासून कटकट आवाज करतेय. कॅबिनेटला एक थोबाडीत दिली. गप्प झाली. अर्ध्या तासाने पुन्हा सुरू. वस्तूंना प्रेमाची भाषा कळत नाही.

मृणालिनी घाबरलीय. तिच्या वडिलांचा, म्हणजे दादांचा, व्हिडिओ त्या डिस्कवर आहे. ते वारले त्याच्या आदल्या वर्षी आमच्याच इंद्रलोक भागातल्या फ्लॅटमध्ये काढलेला. दादा अडकित्त्याने सुपारी कातरत बोलतायत, इथे पूर्वी कशी मिठागरं होती वगैरे. मूळ कॅसेटला बुरशी लागली, दुसरी कॉपी नाही. मी तो शेवटपर्यंत कधी पाहिलेला नाही. एके ठिकाणी ते ‘आमचे जावईबापू’ अशी सुरुवात करतात. तिथे मी पाणी प्यायला उठतो.

ती म्हणाली, गोडदेव नाक्यावर सीडी करून मिळते. मी म्हटलं, सीडीवर ओरखडे पडतात. कायमचा उपाय शोधतो.

संकल्प: रागावर ताबा. डॉक्टरांनी बीपीसाठी सांगितलंय. तसा मी मुळात शांत माणूस आहे.

३ फेब्रुवारी
उपाय सापडला. वरच्या मजल्यावरचा गेविन लिफ्टमध्ये भेटला. मूळ उत्तनचा, मालाडला आयटीत आहे. म्हणाला, अंकल, आता लोक क्लाउडमध्ये ठेवतात. म्हणजे अमेरिकेतली एक कंपनी आपल्या फाइली तिच्या कॉम्प्युटरवर सांभाळते. एक छोटं टूल टाकलं की ती जागा आपल्याकडे साध्या फोल्डरसारखी दिसते. फोल्डरमध्ये टाकलं की अमेरिकेत पोचलं. फक्त टूल तयार मिळत नाही, सोर्स कोड, म्हणजे त्याचा कच्चा माल, उतरवून आपणच बनवायचं.

तो उद्या बंगलोरला चाललाय. म्हणाला, बावीस तारखेच्या संडेला येऊन करून देतो, तब तक हाथ मत लगाना. मी ९८ साली कॉम्प्युटरचा तीन महिन्यांचा कोर्स केलाय, हे त्याला माहीत नसावं.

५ फेब्रुवारी
गेविनने जाण्याआधी लिनक्स टाकून दिलं, अमेरिकेतलं खातं उघडून दिलं. बाकी मी बघतो.

सोर्स कोड उतरवला. तो म्हणतो, अमुक लायब्ररी, म्हणजे मदतीची जोडफाइल, नाही. आणली. अमुक म्हणते, तमुक असेल तरच बसेन. तमुकला आणखी तिसरी हवी. लग्नातल्या वरपक्षासारखं चाललंय. माउस खिडकीतून फेकला. रागाने नव्हे, वायर गुंतली होती.

तो खाली नीरजभाईंच्या गाडीच्या काचेवर बसला. काच गेली. नीरजभाई सोसायटीचे सेक्रेटरी. वर येऊन म्हणाले, सुभाषभाई, ये क्या तरीका है? मी त्यांना तरीका दाखवला. कॉलर दोघांच्याही फाटल्या, पण माझी कमी.

८ फेब्रुवारी, रविवार
नवा माउस. मन प्रसन्न. सकाळी कंपाइल, म्हणजे कोडचं टूल बनवणं, सुरू केलं. स्क्रीनवर ओळीच ओळी, अगदी भरून आलं. तासाभराने शेवटच्या ओळीला एरर. कीबोर्ड गुडघ्यावर आपटला. मोडला. हल्ली कीबोर्डांचा दर्जा घसरलाय. गुडघा सुजलाय.

मृणालिनी संध्याकाळपर्यंत बटणं टिपत होती. एक आमटीत निघालं.

११ फेब्रुवारी
कॅबिनेटला ठोसा मारला. पत्रा वाकला आणि उजव्या हाताचं हाडही. प्लास्टर. डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं? म्हटलं, सॉफ्टवेअर बनवताना. हे डाव्या हाताने लिहितोय.

डिस्कची कटकट वाढलीय. जेवताना मृणालिनी म्हणाली, अहो, मी जाऊन सीडी करून आणते ना, तुम्हाला त्रास नको. मी ताट भिंतीवर मारलं. तिच्या दिशेने अजिबात नव्हतं. भिंत आणि ती यांत चांगलं दोन हात अंतर होतं. तिने भिंत पुसली, मग दादांचा व्हिडिओ लावून बसली. पूर्ण पाहिला. मी बाल्कनीत होतो.

१४ फेब्रुवारी
आज रोगाच्या मुळावरच घाव घातला. मला राग कशाने येतो? एरर वाचल्याने. मग वाचायचेच कशाला?

संकल्प: यापुढे एरर वाचायचे नाहीत. इंग्रजीत काही आलं की डोळे मिटायचे आणि एंटर. दिवसभरात काहीही फुटलं नाही. हे आधी का सुचलं नाही याचं नवल वाटतं.

१७ फेब्रुवारी
टूल तयार! तेही एका हाताने. फोल्डर अमेरिकेला जोडायची कमांड दिली. एक ओळ आली, नियमाप्रमाणे न वाचता एंटर. मग दादांना त्या फोल्डरमध्ये हलवलं. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच पोचले. एरवी आमच्या लाइनवर साधा फोटो मेल करायला दहा मिनिटं लागतात. मॉडेमचा दिवा तर लुकलुकलासुद्धा नाही, इतकं अलगद. सोर्स कोडपासून बनवण्याचा फायदा म्हणतात तो हा.

मृणालिनीने उघडून बघायला लावलं. दादा सुपारी कातरतायत, थेट अमेरिकेतून, आणि चित्र जराही अडकत नाही. तिने स्क्रीनला नमस्कार केला. मला म्हणाली, बरं केलंत हो. किती वर्षांनी म्हणाली. मला फार बरं वाटलं.

१९ फेब्रुवारी
डिस्क अजून कटकट करतेय. आता हिचं काम काय? भंगारात दिली तर कोणीतरी डेटा काढून घेईल, पेपरात येतं. मृणालिनी म्हणाली, गेविन येईपर्यंत राहू द्या, खायला मागत नाही. पण सिक्युरिटी हा बायकांचा विषय नाही.

गच्चीवर पाण्याच्या टाकीपाशी नेली. हातोडा डाव्या हातात. पहिला घाव चुकला, अंगठ्यावर बसला. त्यानंतर एकही चुकला नाही. झाकण उचकटलं, आतून आरशासारखी चकती निघाली. तिच्यावर उभा राहिलो, वाकवली, मग तिच्यात खिळे ठोकले. या महिन्यात तिने मला जे जे बोलायला लावलं ते सगळं तिला ऐकवलं. खाली नीरजभाईंनी खिडकी लावून घेतली.

दुपारी गाढ झोप लागली.

२२ फेब्रुवारी, रविवार
गेविन लॅपटॉप घेऊन आला. खातं उघडलं. रिकामं. म्हणाला, अंकल, इधर तो कुछ आया ही नहीं. फोल्डर जोडताना एक ओळ आली असेल, काय लिहिलं होतं? म्हटलं, वाचली नाही.

त्याने समजावलं. जोडणी झाली नसेल तर तो आपल्याच डिस्कवरचा साधा फोल्डर. व्हिडिओ या खोलीतून त्या खोलीत गेला, घर तेच. मग मृणालिनीला म्हणाला, आंटी, टेन्शन नको, डिस्क द्या, त्यातून काढून देतो.

तिने डिस्कच्या तुकड्यांची पिशवी आणून टेबलावर ओतली. गेविन खिळ्यांच्या भोकांकडे बघत राहिला. चहा न घेताच गेला.

मी हात उचलला, पण टेबलावर आपटण्यासारखं काही नव्हतं. मृणालिनी म्हणाली, शेवटी दादा काय म्हणाले ते तुम्हाला ठाऊक नाही ना? नाही म्हटलं. तिने सांगितलं, आवाज न चढवता. आमचे जावईबापू तापट आहेत, तोडफोड करतात, असं म्हणाले. पण माझ्या पोरीचं म्हणून काही त्यांनी आजवर मोडलेलं नाही.

२३ फेब्रुवारी
महाशिवरात्र. उपास. दिवसभर राग आला नाही. मृणालिनीला तसं सांगितलं. ऐकून ती आत गेली.

डिस्कचे तुकडे तिने दादांच्या सुपारीच्या डब्यात ठेवलेत. ती खाली गेली तेव्हा मी डबा हलवून पाहिला. आतून कटकट आवाज येतो.