उलट्या हाताचे टाके

सोनपेठ, मंगळवार, १८ नोव्हेंबर

"समोर बसून शिकलीस, म्हणून उलट्या हाताची झालीस तू." मी नऊ वर्षांची असताना माय असं म्हणाली होती. ती गोधडी शिवायची तेव्हा मी तिच्यासमोर बसायचे. तिचा उजवा हात चालला की आरशातल्यासारखा माझा डावा चालायचा. आजही माझी सुई डाव्याच हातात असते.

लकव्यानं मायचा उजवा हात गेला, त्याला चार महिने झाले. व्यायाम घ्यायला येणाऱ्या ताई म्हणाल्या, दुसऱ्याचा हात काम करताना नुसता पाहिला, तरी मेंदूत आपला हात हलवणारा भाग कामाला लागतो, रोज दाखवा. म्हणून आठवडाभर तिच्यासमोर गोधडी घेऊन बसते आहे. ती बघते, कंटाळते, तोंड फिरवते.

आज घाईत माझे टाके लांब पडले. "लय लांब घालायलीस. उंदीर जाईल त्यातून," माय जड जिभेनं म्हणाली. आणि तिचा उजवा अंगठा हलला. सुई पुढे रेटताना हलतो, तसा. भास असेल? मुद्दाम पुन्हा लांब टाका घातला. पुन्हा हलला. तिला सांगितलं तर म्हणाली, "उगं काहीबी!"

तो अंगठा डोळ्यांपुढून जात नाही. तिचं बघून शिकलेला माझा हात आता तिच्या हाताला शिकवत असेल का?

उद्या सुई ओवून तिच्या त्याच हातात देणार आहे. नको म्हणेल, माहीत आहे. तरी म्हणेन, माय, एकच टाका घाल. लांब पडला तरी चालेल.