वरचे दगड

२ सप्टेंबर
धाकटी बहीण डोंगरांचं वय काढते. पीएचडी. तिचा असिस्टंट ऐनवेळी आजारी पडला, म्हणून मी धावून आलो. आई म्हणाली, तुला झेपणार नाही. नुसता हसलो. ऑफिसचे जिने रोज चढतो मी, लिफ्ट बंद असली की. संकल्प: तिला काहीही उचलू द्यायचं नाही.

३ सप्टेंबर
दम लागत नाहीये. निसर्ग बघायला थांबतो, एवढंच. जरा पुढे गेलं की परत निसर्ग असतो.

५ सप्टेंबर, सकाळ
शिखराजवळ. खालचे, तंबूजवळचे दगड तिने कालच घेतलेत. ती हातोडीने दगड फोडते, कापडी पिशवीत भरते, पिशवीवर उंची लिहिते. ते तंबूपर्यंत खाली न्यायचे मी. ती मागून येणार. म्हणाली, दादा, जपून ने रे, चार वर्षांची मेहनत आहे. म्हटलं, माझ्यावर सोड.

दुपार
गुडघ्याने दगा दिला. भाऊच कोसळला तर पीएचडीचं काय? केवळ तिचा विचार करून दगड दरीत ओतले. पिशव्या मात्र जपून आणल्या. तंबूमागे ओढ्याकाठी दगडांना काय तोटा! गुळगुळीत टाळून टोकदार निवडले. डोकं लागतं त्याला. शेवटी डोंगर एकच ना?

६ सप्टेंबर
झोप नाही. इथली हवा विरळ आहे, त्यामुळे.

७ सप्टेंबर
भिंगातून बघता बघता ती किंचाळलीच. वरचा दगड आणि खालचा दगड हुबेहूब एक! म्हणे आजवर सगळे उलटंच सांगत आले. माझ्या गळ्यात पडली. म्हणाली, दादा, तू नसतास तर काही खरं नव्हतं माझं.  उद्या सांगतो.

८ सप्टेंबर
सांगणारच होतो. पण स्वारी गाणं गुणगुणत होती. उगाच कशाला विरजण घाला? उद्या नक्की.

९ सप्टेंबर
सकाळी तिच्या पीएचडीच्या सरांना फोन करायला निघाली. रेंज पलीकडच्या टेकाडावर मिळते. सर कॉन्फरन्समध्ये जाहीर करणार, म्हणजे पोरगी जगासमोर तोंडघशी. पळत गाठलं तिला. दम लागला. हो, लागला. सगळं सांगून टाकलं. गुडघ्याचंही काढलं, पण माझी मलाच लाज वाटली. गाढव आहे मी.

चिडली नाही. रडलीही नाही. तंबूत येऊन पिशव्या रिकाम्या केल्या, सॅक पाठीला लावली. बर्फ पडला की वाट बंद, मग वर्ष गेलंच. म्हटलं, मी येतो, मी उचलतो. म्हणाली, नको. तुम्ही थांबा इथेच.

तुम्ही! बोलायला लागल्यापासून मला अरे-तुरे करते ती.

खरं बोललो म्हणून मान दिला असेल, असं लिहून पाहिलं. पटत नाही.