हिरवी साडी कोण नेसणार

२३ फेब्रुवारी, मंगळवार

प्रिय धाकटे,

सकाळी औषधाचं दुकान उघडलं. दुपारी सुट्टी घेऊन चिमणीची खोली आवरली, झाडली, किल्ली घरमालकाला दिली. संध्याकाळी ताई आली होती, आत्ताच गेली.

चिमणी गेली त्या दिवशी तू स्मशानातून परस्पर गाडी पकडलीस, म्हणून ताई अजून धुसफुसतेय. मला राग नाही. ओळखदेख नसलेली माणसं आपल्याला बोटांनी मोजत होती, ते मीही पाहिलं. एक बाई माझा हात धरून हळहळली, "फार वाईट झालं हो. गेल्या त्या तुम्हीच ना?" मी नाही म्हटलं, तर तिचा हिरमोडच झाला. चिमणी असती तर म्हणाली असती, "सांगायचंस की, हो, मीच. निघतेच आहे." तेवढ्यापुरतं हसू आलं. मग वाटलं, हे आता सांगायचं कुणाला?

दुकानात रोज कुणीतरी विचारतंच. काल एक आजोबा खोकल्याचं औषध घेता घेता म्हणाले, "तुम्ही त्या एका वेळी झालेल्या पाचजणींतल्या ना? म्हणजे आता चारच?" जणू डझनातलं एक अंडं फुटलं. मी सुटे पैसे हातावर ठेवले. दमायला झालंय गं. रडायचं म्हटलं तरी आधी आपण कितवी ते सांगावं लागतं.

खोली आवरताना एक लक्षात आलं. तिच्या कपाटात हिरवं कापड एकही नव्हतं. लोकांना ओळखता यावं म्हणून आईनं पाच रंग वाटून दिले, त्यात चौथी म्हणून चिमणीला हिरवा आला. घराबाहेर पडल्यावर तिनं तो पुन्हा अंगाला लावला नाही. आपण कधी विचारलंही नाही.

कॅलेंडरवरचा तो फोटो आठवतो? चिमणी तापानं फणफणली होती आणि फोटोग्राफर खोळंबला होता. आईनं तुला आधी तुझ्या पिवळ्या फ्रॉकमध्ये उभं केलं, मग हिरव्यात, आणि त्यानं दोन्ही फोटो जोडले. घरोघरी लागला, कुणाच्या लक्षात आलं नाही. चिमणी तो दाखवून म्हणायची, "बघा, माझ्यावाचून कुणाचं काही अडत नाही."

पुढच्या महिन्यात आपल्याला पन्नास पूर्ण होतात. पेपरवाल्यांना पाचजणींचा फोटो हवाय, पाचजणींचाच. ताईनं होकार देऊन टाकलाय, दुसरीही तयार आहे. हिरवी साडी ताई आज घेऊनच आली होती. "तुझा चेहरा तिच्याशी मिळतो. दोनदा उभी राहिलीस तर काय बिघडतं? लोकांना बरं वाटेल," म्हणाली. मी नाही म्हटलं. ती चिडली नाही. "मग धाकटी आहेच," म्हणाली, आणि साडी पिशवीत घालून निघाली. उद्या-परवा तुझ्याकडे येईल. ताई वाईट नाही गं, तिला चार म्हणणं जमत नाहीये, एवढंच. तरी तू नाही म्हण. लहानपणी तुला कुणी विचारलं नव्हतं, या वेळी निदान विचारतील तरी. एकदा तिच्या जागी कुणीही चाललं. आता ती जागा रिकामी दिसू दे. एवढ्यासाठीच लिहायला बसले.

नळाला पाणी आलंय. बादल्या भरून घेते.

तुझीच,
मधली