तिसऱ्या प्रकरणाची मुदत

३ मार्च
आज ठरलं म्हणजे ठरलं. नेस्लिहानच्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण याच आठवड्यात वाचून संपवायचं. बिचारीने डिसेंबरात दिलंय. जूनअखेर तिची विद्यापीठातली नोकरी संपते, आणि नोकरीवरच तिचा इथे राहायचा परवाना. मी प्रकरण पास केलं की प्रबंध समितीकडे जाणार, की लायडनची नवी नोकरी पक्की. नाहीतर परत इझमीर. स्थलांतराच्या कायद्याचा प्राध्यापक मी. हे मला कुणी समजावायला नको.
मला अजून 'होजाम' म्हणते. तुर्की लोक आपल्या गुरूला म्हणतात तसं. पहिल्या दिवसापासून सांगतोय, बाई गं, नेदरलँड्समध्ये सगळे नावाने हाक मारतात, मला रूलोफ म्हण. ऐकत नाही.
प्रकरण छापून घेतलं. पाठपोट. कागद वाचला. आजच्यापुरतं पुष्कळ झालं.

९ मार्च
गंभीर वाचनाला मन मोकळं हवं. मन मोकळं व्हायला टेबल मोकळं हवं. टेबल आवरलं. खालच्या खणात माझीच जुनी व्याख्यानं सापडली. चांगली आहेत. दिवसभर तीच वाचली.

१७ मार्च
कॉरिडॉरमध्ये नेस्लिहान. प्रकरणाचं अवाक्षर काढलं नाही. नुसतं 'होजाम, तब्येत बरी ना?' असं विचारणं म्हणजे विचारणंच की! 'जवळजवळ झालंय,' म्हणालो. शीर्षक वाचलंय, तेव्हा अगदीच खोटं नाही. दुपारी पाव-चीज डब्यातच राहिलं. ताकावर भागवलं.
वाचन रखडण्याचं खरं कारण माझा लेख. विषय: परदेशी नागरिकांच्या अर्जांबाबत सरकारी खात्यांची अक्षम्य दिरंगाई. एकेक शब्द पोटतिडकीने लिहावा लागतो. वेळ लागणारच.

२ एप्रिल
योकेने सायकलची पिशवी रिकामी केली. म्हणाली, हे कागद कुणाचे? यांच्यावर केळं फुटलंय. पुसले. पहिली चार पानं चिकटलीत, बाकी ठीक. योके म्हणाली, त्या मुलीला सरळ सांगून टाक ना, वाचलं नाही म्हणून. माझ्या बायकोला सरळपणाची फार हौस. म्हटलं, संशोधनाच्या मार्गदर्शनातलं तुला नाही कळायचं. तर म्हणाली, तुला तरी कुठे कळतंय.

२७ एप्रिल
राजाचा वाढदिवस. सुट्टीच्या दिवशी काम करणं म्हणजे कामगार हक्कांची पायमल्ली. नारिंगी टोपी घालून सगळ्यांसारखा फुटपाथवर सतरंजी टाकून जुनी पुस्तकं विकायला बसलो. समोर नेस्लिहान! तिने माझंच पाठ्यपुस्तक विकत घेतलं. फुकट द्यायला हवं होतं. हे सुचेपर्यंत ती ट्रामपाशी पोचली होती. फार वाईट वाटलं. उद्यापासून नक्की.

६ मे
संशोधक विद्यार्थ्यांचा प्रशिक्षण वर्ग. माझा गाजलेला स्वाध्याय: ढिम्म बसलेल्या खात्याला नोटीस लिहा. कायदा सोपा आहे. मुदत उलटली की अर्जदाराने बजावायचं, दोन आठवड्यांत निर्णय द्या, नाहीतर दंड सुरू.
नेस्लिहानने आपली वाचून दाखवली. काय नोटीस! अर्जदार बाईने चार वर्षं खपून कागद दिले डिसेंबरात. अधिकारी भेटला की म्हणतो, जवळजवळ झालंय. परवाना तर संपत आलेला. मला राहवेना. टेबलावर मूठ आपटून म्हणालो, निर्लज्जपणाची हद्द झाली! असल्या माणसाला खुर्चीवरून उठवला पाहिजे! कुठल्या ऑफिसात बसतो हा?
माझी सहकारी मारिट खिडकीबाहेर बघायला लागली. नेस्लिहान खाली मान घालून म्हणाली, 'याच मजल्यावर, होजाम.'
कान तापले. 'उदाहरण जिवंत आहे,' म्हणालो आणि वर्ग लवकर सोडला.

७ मे
लाज वाटते. खरंच वाटते. पण दोन आठवडे मिळालेत, तेही कायद्याने. भरपूर आहेत. वेळापत्रक केलं, तीन रंगांत.

१५ मे
दिरंगाईवरचा लेख पूर्ण. संपादकांनी तिसऱ्यांदा मुदत वाढवून दिली होती. एवढा विश्वास टाकल्यावर माणसाने शब्द पाळायला नको?

१९ मे
बसलो. खरंच वाचायला बसलो. चिकटलेली पानं सुरीने सोडवली. निम्मं झालं. प्रकरण सुरेख आहे. इतकं सुरेख, की समासात एकही खूण करावी लागली नाही. हे मी डिसेंबरातल्या एखाद्या दुपारी सहज वाचू शकलो असतो. उद्या दिवसभर बैठका. उरलेलं परवा.

२१ मे
विभागाच्या स्वयंपाकघरात सफरचंदाचा केक. इथे ज्याची आनंदाची बातमी, केक त्यानेच आणायचा. दोन तुकडे खाल्ल्यावर विचारलं, कुणाकडून?
नेस्लिहानकडून.
मारिटने त्या वर्गानंतर लगेच प्रकरण मागून घेतलं होतं. एका शनिवारी वाचून काढलं, सूचनाही दिल्या. नेस्लिहान मात्र थांबली होती. नोटिशीची मुदत पुरी संपेपर्यंत. काल संध्याकाळी डीनच्या संमतीने मार्गदर्शक बदलला. प्रबंध आज सकाळी समितीकडे गेला.
मी अभिनंदन केलं. दोन्ही हातांनी हात धरून. म्हणालो, अगं, माझंही वाचून होत आलंय, जवळजवळ. ती हसली. चिडली असती तर बरं झालं असतं. माझ्या हातातली रिकामी बशी घेत म्हणाली, 'आता राहू दे, रूलोफ.'
चार वर्षं मीच सांगत होतो, नावाने हाक मार म्हणून.