बहिणीच्या वाट्याची कडवी

नदीचा अलीकडचा काठ, ओक्लाहोमा
शुक्रवार, १५ मे १९५९

पाठची बहीण लिडिया हिला थोरल्या भावाचे भरभरून आशीर्वाद.

आम्ही इकडे बरे आहोत. तुझ्या ओरा वहिनीचे गुडघे कुरकुरतात, ती स्वतः त्याहून जास्त. काठावरच्या कॉटनवूडच्या झाडांचा कापूस उडू लागलाय. दारात बसलो की माझ्या डोक्यावर आणखी थोडं पांढरं पडतं. तू दिलेलं सुकं मांस फार छान होतं. संपलं.

तू नदीपलीकडे, चार मैलांवर. तरी पत्राला तिकीट लावतोय म्हणून ओरा चिडवते. "पन्नास वर्षं तुम्हा भावंडांचा निरोप्या मी! 'तिला सांग घोडी व्याली', 'त्याला सांग मांस वाळलं'. आता मला कामावरून काढलं होय?"

वयात आलेल्या भावाने बहिणीशी तोंडाने बोलायचं नाही, तिच्याकडे थेट बघायचं नाही, हा आपल्या शायेन जमातीचा मान मी जन्मभर पाळला. एकदा सोडून. कागदाबद्दल मात्र आपल्या म्हाताऱ्यांनी काही सांगून ठेवलेलं नाही.

पुढच्या महिन्यात मिशनची पंचाहत्तरी. शाळेचा इतिहास लिहून देवळात वाचायचं काम पाद्री वेडेल यांनी माझ्या गळ्यात घातलंय. लिहिताना मन भरून येतं गं. हे मेनोनाइट पंथाचे ख्रिस्ती लोक कान्सासहून बंदुकीशिवाय आले, यावरच आजोबा भाळले होते. आपल्या वर्गाच्या राट्झलाफबाईंची नाताळातली मिरी घातलेली बिस्किटं आठवतात. त्यांनी कापलेल्या आपल्या वेण्याही आठवतात. मला ताप आला तेव्हा त्या रात्रभर उशाशी बसून कविता म्हणत होत्या. तेव्हा इंग्रजीचं अक्षर कळत नव्हतं, पण ताल कळत होता. ते वेड अजून उतरलेलं नाही.

परवा जुना हजेरीपट चाळला. तुझ्या नावापुढे लिहिलंय : 'वय १२. बुद्धी मंद. धुलाईघरात पाठवली.'



तो वसंत तुला आठवत असेलच. कान्सासचे पाहुणे परीक्षा बघायला आलेले. हिमात वाट चुकलेल्या भाऊबहिणीची कविता. तो विचारतो, ती उत्तर देते. बाई टाळी वाजवून म्हणाल्या, "ही तर खरीच भावंडं! समोरासमोर उभी करू, किती गोड दिसेल!" मी चौदा वर्षांचा होतो. मला कळत होतं. दोन वाक्यांत मी बाईंना समजावू शकलो असतो, इंग्रजी येत होतं मला. पण ती कविता मला म्हणायची होती.

मी तुझ्याकडे बघून पहिलं कडवं म्हटलं. तू पाठ फिरवलीस. बाई कुजबुजल्या, "लिडिया, पाठ केलं नाहीस का?" तुला सगळी कविता येत होती, दोरीवर कपडे वाळत घालताना तू ती गुणगुणायचीस, कुंपणाआडून मी ऐकलं होतं. तरी मी गप्प राहिलो, आणि मग तुझी कडवीही मीच म्हटली. टाळ्या मिळाल्या. बक्षिसाचं पुस्तक मिळालं. तुला साबणाचं पाणी मिळालं आणि वर्गाचं दार बंद झालं.

हे मी ओरालाही कधी सांगितलं नाही. तुझी बुद्धी मंद नव्हती, भावाचा मान राखलास म्हणून तू गप्प होतीस, हे मला सर्वांसमोर वाचायचंय. पण चारचौघांत तुझं नाव घेणं म्हणजे पुन्हा तुझ्या तोंडावर बोलणंच. तू नको म्हणालीस तर मी इतिहास वाचणारच नाही. पाद्री वाचतील, त्यांना हवा तसा.

उत्तर ओराकडे दे.

साठ वर्षं जे बोलायला हवं होतं ते न बोललेला,
तुझा भाऊ आमोस

*

नदीपलीकडून, बुधवार

ओरा वहिनी,

गुडघे तुझे दुखतात आणि कान आमच्या भावाचे किटतात, असं ऐकलं. मांस पाठवतेय. सगळं तू खाऊ नकोस.

त्याला सांग, पत्र पोचलं. धुलाईघरात बाई दर शनिवारी यायच्या आणि काही न बोलता माझ्या भेगाळलेल्या हातांना चरबी चोळायच्या. आपली रीत त्यांना कुणी सांगितलीच नाही, तर त्यांना कळणार कसं? हेही त्याने लिहावं.

मी रागावले होते, तेही सांग. पुष्कळ वर्षं. माझी कडवी त्याने म्हटली त्याचा राग होताच, पण बहिणीचं शेवटचं कडवं तो विसरला आणि टाळ्या वाजल्या! ते कुणी ऐकलंच नाही. मला अजून येतं.

तेव्हा नाव वाचू दे. पण वाचून झालं की त्याने देवळाबाहेर जाऊन उभं राहावं. मग मी उठेन आणि ते कडवं लोकांना म्हणून दाखवीन. लोकांना, त्याला नव्हे. जूनमध्ये खिडक्या उघड्या असतात. बाहेर कुणाला काय ऐकू येतं, त्याला मी काय करणार?

त्याची बहीण