नीलूनं लावलेली इबूत

मामा,

तुम्ही दोन महिने माझ्याशी बोलून नाही राहिले, म्हणून लिहून ठेवते. नीलूला घेऊन दवाखान्यात चालले. काल हाताच्या पट्ट्या सुटल्या, आता झोपताना बोटं सरळ ठेवायचा साचा आणायचा हाय. चारपर्यंत आम्ही दोघी येतो. भाकरी टोपल्यात हाय, वरण तेवढं गरम करून घ्या.

माहेरी उदगीरला जाते अशी थाप मारून मी तुमच्या नातीचं आपरेशन करून आणलं, ही चूक माझीच. पण सांगितलं असतं तर तुम्ही जाऊच दिलं नसतं. मागल्या आपरेशनला चिकटपट्टी काढताना तिच्या गालाचं सालटं निघालं, ते तुम्ही बघितलं होतं. यावेळी डॉक्टरांनी अंगाला चिकटणारं काहीच लावू दिलं नाही. सलाईनची सुईसुद्धा मऊ कापडानं बांधली. तरी भूल देताना घातलेल्या नळीनं घशात फोड आले, आठ दिवस पोरगी पेजेवर होती. खोटं कशाला सांगू. आजार जन्माचा हाय, जरा घासलं की फोड येणारच. पण फोडांनी चिकटलेली बोटं सुटी झालीत.

मी आल्यावर काय शिव्या द्यायच्या त्या द्या, पण बोला.

अन् उठल्या उठल्या तोंड धुऊ नका, आधी आरशात बघा. तुम्ही घोरत होता तवा नीलूनं तुमच्या कपाळाला देवापुढली इबूत लावली. आजवर तिच्या हातानं एकच फराटा उठायचा. आज तीन पट्टे हायत. वाकडे हायत, पण तीन हायत.

मंजुषा