सतरा पंचे पंच्याण्णव

मंगळवार, १

काल लिहिलेलं चूक आहे. खोडत नाही, दुरुस्त करते. मी लिहिलं, "दुकानात माझ्याविरुद्ध एका पुरुषाचा फोन आला." मॅडम असं म्हणाल्याच नव्हत्या. त्या म्हणाल्या, "कोणीतरी बोलत होतं, तोंडावर रुमाल धरल्यासारखं." पुरुष मी घातला. कारण मला तो रेडिओ असायला हवा होता.

रेडिओ म्हणजे दुकानात माझ्याबरोबर काम करणारा. एकदा बोलायला लागला की बंद होत नाही म्हणून रेडिओ. कानाच्या मशीनच्या दुकानात असा माणूस! गिऱ्हाईक हौसेने मशीन लावून घेतं आणि ह्याचं ऐकून काढून खिशात ठेवतं.

मॅडमचं दुसरं दुकान निघतंय, दुसऱ्या गावात. ते सांभाळायला मी जायचं की त्याने, एवढाच प्रश्न होता, आणि मागच्या आठवड्यात मॅडम मला म्हणाल्या, "तूच जा." दुकानाच्या वर राहायला खोली. माझी. किल्लीसुद्धा माझीच.

आणि आता हा फोन. "ती मुलगी शाळेत गेलेली नाही. तिला कुणी धड शिकवलेलं नाही. साधा हिशोब येत नाही. तिच्या जिवावर दुकान टाकू नका, पस्तावाल."

शाळेचं अर्धं खरं आहे. चौथीपर्यंतचं मी घरीच शिकले, आईकडे. बाबांची नोकरी धरणांच्या बांधकामावर, शाळा जवळपास नसायचीच. पुढे शाळा, कॉलेज, कान तपासायचा कोर्स, सगळं रीतसर. पण घरच्या शाळेचं मी दुकानात कोणाजवळ बोललेले नाही. मग ह्या माणसाला कुठून कळलं?

मॅडम म्हणाल्या, "मला मागे कटकट नको. कोण आहे ते सोमवारपर्यंत शोधून काढ. नाहीतर मी रेडिओला पाठवते."

शोधते!


बुधवार, २

आज पुन्हा आला. मॅडम नव्हत्या, रेडिओने घेतला. मी समोरच एका आजोबांच्या कानाचा साचा घेत होते, त्यामुळे मध्ये हलता येईना. रेडिओने नंबर तळहातावर उतरवून घेतला आणि ठेवल्या ठेवल्या सुरू झाला — "अगं, ते माणूस म्हणतं, मी रविवारी फोन करीन असं मॅडमना सांगितलं होतं, त्यांना द्या. मी म्हटलं, अहो, रविवारी दुकान बंद असतं, आणि आज बुधवार आहे! तर ठेवलाच फोन. ज्याला वार कळत नाही ते तुझी परीक्षा घेतंय, मास्तरीण!"

मास्तरीण मी. पावतीवरच्या वेलांट्या सुधारते म्हणून.

त्याने मोबाइलवर नंबर टाकून पाहिला. नाव आलं 'शेगडी दुरुस्ती'. "तुझं कुठल्या शेगडीशी भांडण आहे का?" मग स्वतःच म्हणाला की हा नंबर आधी दुसऱ्या कोणाचा असणार, जुनं नाव चिकटून राहतं. मी माझ्या फोनवरून लावला. वाजत राहिला. कोणी उचलला नाही.

म्हणजे रेडिओ नाही. सकाळी त्याच्याशी तुसडेपणाने वागले ते उगाच. तेही इथे असू दे.


गुरुवार, ३

दात घासताना कळलं. तोंडात फेस, आणि मी तशीच उभी.

बुधवारला रविवार कोण म्हणतं? आम्ही!

बाबांची साप्ताहिक सुट्टी बुधवारी असायची. ते घरी असले की अभ्यास नाही, मग आमचा रविवार तोच. आई म्हणायची, "उद्या रविवार, पाट्या उचला." कॅलेंडरातल्या रविवारी आम्ही बेरजा करत बसायचो. पुढे शाळेत गेल्यावर पहिल्याच बुधवारी मी घरी राहिले, आणि दुसऱ्या दिवशी बाईंनी कारण विचारल्यावर "काल रविवार होता" म्हणाले. वर्ग किती हसला! बाबा निवृत्त होऊनही घरात अजून तेच चालतं. "पडदे रविवारी धुवायचे" म्हणजे बुधवारी. बाहेर बोलताना आम्ही मनातल्या मनात बदलून घेतो. ज्याचं बाहेर बोलणं होतं, त्याला त्याची सवय असते.

तर तो नंबर आमच्या घरातला आहे. मी सोडून उरतात तिघं.

दादा. दादाच! "एकटी कशाला राहायचीस तिकडे? इथे काय कमी आहे?" हे महिनाभर कोण ऐकवतंय?


शुक्रवार, ४

दादाच्या कामावर गेले. तो गाड्यांना रंग मारतो. तोंडावरची जाळी खाली ओढून म्हणाला, "काय, घर जळलं का?"

विचारलं. आधी हसला. मग मी हसत नाहीये हे बघून भडकला. "माझ्याकडे रुमाल धरायला वेळ आहे? जाऊ नको म्हणायचं ते मी तुझ्या तोंडावर म्हणतो. आताही म्हणतो. जाऊ नको! झालं? तुला कळत नाही असं म्हणणाऱ्याचं तर मी थोबाड फोडीन. तू चौथीत असताना माझी गणितं कोण सोडवून द्यायचं?"

"मग दुसऱ्या दुकानात जाऊ का नको?"

"नकोच! पण जाशील तू. जिद्दी आहेस."

दादा नाही. तो खोटं बोलताना कान खाजवतो. हात पूर्ण वेळ रंगाच्या बंदुकीवर होता.

बाबा तर नाहीतच. त्यांना ऐकू येत नाही आणि माझ्या हातून मशीन लावून घ्यायला ते तयार नाहीत. बाबा फोनवर बोलले तर मध्ये फोनची गरजच राहत नाही, सगळी इमारत ऐकते.

उरलं कोण, ते मी आज लिहीत नाही. खात्री झाल्याशिवाय लिहायचं नाही. आणि तिच्याकडे फोनच नाही. दादाचा जुना आहे, पण त्यात कार्ड नाही, त्यावर ती नुसती गाणी ऐकते. "मला नाही बाई त्यातलं काही जमत" — तिचंच वाक्य.


शनिवार, ५

आज दुकानाच्या फोनवरून लावला. माझा नंबर बघून कोणी उचलत नसेल, पण दुकानाचा उचलेल, असं वाटलं. उचललाच. "हॅलो" नाही, काही नाही. नुसता श्वास.

मी म्हणाले, "मला हिशोब येत नाही असं तुम्ही आमच्या मॅडमना सांगितलंत. बरं, मग ऐका आता. सतरा एके सतरा. सतरा दुणे चौतीस. सतरा त्रिक एक्कावन्न. सतरा चोक अडुसष्ट. सतरा पंचे पंच्याण्णव —"

"पंच्याऐंशी!"

रुमाल नाही, दबका आवाज नाही. ताडकन, हातात पट्टी असल्यासारखं. मग फोन बंद.

जन्मात पहिल्यांदा मी पाढा मुद्दाम चुकवला. तिच्यासमोर चूक तशीच ठेवता येत नाही, ती ठेवूच देत नाही. मला हे माहीत होतं आणि मी ते वापरलं. वाईट वाटतंय. पण मागे घेत नाही!

रेडिओ काउंटरपलीकडून म्हणाला, "कोण होतं गं?" मी म्हणाले, "पंच्याऐंशी बरोबर आहे." तो चक्क गप्प झाला.


रविवार, ६ (कॅलेंडरातला)

बाबा टीव्हीसमोर, टीव्ही गर्जत. आई आतल्या खोलीत धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. मी चादरीचं दुसरं टोक धरलं. चादरीची घडी घालताना दोघींना एकमेकींकडे चालत यावंच लागतं.

"केव्हापासून आहे नंबर?"

"खालच्या दुकानातून घेतलं कार्ड. त्या मुलाने घालून दिलं. तुम्हाला काय वाटलं, मला जमणार नाही?"

"कोणाशी बोलतेस?"

"कोणाशी बोलू? नंबर कोणाचा आहे माझ्याकडे? तुम्हाला लावला असता तर विचारलं असतंत, फोन कशाला घेतलास. तुझ्या दुकानाचा तेवढा होता, पिशवीवर छापलेला."

मला रडू येणार होतं. येऊ दिलं नाही. म्हणाले, "मला काही येत नाही म्हणालीस. मला कुणी शिकवलं नाही म्हणालीस. आई, मला शिकवलं कोणी?"

तिने उशीचा अभ्रा उगाच पुन्हा उलटा केला. "तुझ्यात खोट शोधली. सापडेना. मग माझ्यात काढली."

"का पण?"

"तू गेलीस की यांच्याशी ओरडून बोलायचं, आणि उरलेला वेळ बसून राहायचं. तुला काय कळायचं."

"मी जाणार आहे."

"जा ना. मी कुठे धरून ठेवलंय?"

"धरलं नाहीस? दोनदा फोन केलास!"

"तीनदा. एकदा लागला नाही."

बाहेरून बाबा ओरडले, "भांडताय का गं?" आम्ही दोघी एकदम म्हणालो, "नाही!" त्यांना ऐकू गेलं नसणार.

मी तिला सांगितलं, मॅडमना उद्या नाव सांगावं लागेल. ती म्हणाली, "सांग." आणि मोजे जोडायला लागली. दोन वेगळे मोजे एकत्र गुंडाळले. मी दुरुस्त केले नाहीत.


सोमवार, ७

मॅडमसमोर उभी राहिले. म्हणाले, "कोण आहे ते कळलं. सांगणार नाही."

"अशी कशी सांगणार नाहीस?"

"माहीत नाही म्हणाले तर खोटं होईल. सांगितलं तर ते माणूस तुमच्यापुढे कायमचं लहान होईल. तुम्ही माझी परीक्षा घ्या. कुठलंही मशीन द्या, कुठलाही कान द्या."

मॅडमनी चष्मा काढला. "प्रश्न तुझ्या कामाचा नाही गं. उद्या ते माणूस तिथे येऊन गोंधळ घालेल, मग? मला नाव पाहिजे."

"नाही देणार."

"मग रेडिओ जाईल."

"जाऊ दे!"

बाहेर आले तेव्हा हातातली पेन्सिल मोडलेली होती. कधी मोडली कळलं नाही. आईची बाजू मी घेतलेली नाही. तिने केलं ते चूकच. पण तिचं नाव मी वाटत फिरणार नाही — ना भीतीने, ना खोलीसाठी.

घरी आईने विचारलं, "सांगितलंस?" मी म्हणाले, "नाही." खोली गेली, तेही सांगितलं.


मंगळवार, ८

रेडिओला खोलीची किल्ली मिळाली. मला म्हणाला, "मास्तरीण, मला हे बरं वाटत नाहीये." एवढंच बोलला. त्याच्यासाठी ते फारच थोडं.


बुधवार, ९

काही नाही. आईशी अबोला. पडदे धुतले गेले.


गुरुवार, १०

मॅडमनी आत बोलावलं. सकाळी त्याच नंबरवरून फोन आला होता. ह्या वेळी नाव सांगून.

मॅडम अजून सावरल्या नव्हत्या. "तुझी आई आहे ती? मला म्हणाली, आधीचेही माझेच. आणि मग मलाच फैलावर घेतलं! कोणीही निनावी फोन करतं आणि तुम्ही विश्वास ठेवता? शिकलेल्या ना तुम्ही? माझ्या मुलीला चौथीत तिसाचे पाढे येत होते, विचारून बघा हवं तर! मी हो बाई, हो बाई करत उभी. हो, मी चक्क खुर्चीवरून उठले होते."

रेडिओने किल्ली माझ्यापुढे ठेवली.

आईला माफ केलेलं नाही. 'स्टेशनवर येऊ का' विचारत होती, नको म्हणाले.

सोमवार, चौदा तारीख, सकाळची गाडी. जाणार.